भिंतीकडे वळवलेली स्क्रीन

दुपारचे अडीच वाजून गेले तरी आहारतज्ज्ञ शलाका कामतला आपला डबा उघडायला फुरसत मिळाली नव्हती. सकाळपासून जो पेशंट येई तो म्हणे, "गोड? छे, हातसुद्धा लावला नाही!" आणि त्याच्या पोटातली चिप स्क्रीनवर जिलेबी दाखवी. नवीन असताना शलाका सरळ स्क्रीनच पेशंटपुढे धरायची. माणसं ओशाळायची आणि पुन्हा यायची नाहीत. आता ती नुसतं विचारायची आणि खोटं निमूटपणे ऐकून घ्यायची. त्याचाच शीण जास्त होता.

मग टिपणीस काका आले. पत्नी गेल्यानंतर पहिल्यांदाच.

"काय जेवलात आज, काका?"

"पोळी, भाजी, वरण-भात. सगळं व्यवस्थित चाललंय."

तिनं सवयीनं स्क्रीनकडे पाहिलं. काल सकाळच्या चहानंतर काकांच्या पोटात काहीच गेलं नव्हतं.

खाऊन नाही म्हणणारे तिला रोज भेटत. न खाता जेवलो म्हणणारा माणूस समोर बसला, तेव्हा शिकलेलं एकही वाक्य तिला उपयोगाचं वाटेना. तिनं स्क्रीन भिंतीकडे वळवली आणि डबा उघडला.

"माझं जेवण राहिलंय, काका. एकटीनं घास उतरत नाही. बसता का सोबत?"

काका डब्याकडे बघत राहिले. "खरंय," ते हळूच म्हणाले, "एकट्यानं नाही उतरत."

त्यांनी पहिला घास गिळला, तशी भिंतीकडची स्क्रीन बारीकशी वाजली.

"काय वाजलं?"

"काही नाही," शलाका म्हणाली. "भाजी घ्या."