पाहणीसाठी झाडलेलं घर

बँकेचा साहेब दारात बूट काढू लागला, तशी गादीवालीला आपल्या मेहनतीचं चीज झाल्यासारखं वाटलं. काल दिवसभर तिने घर झाडलं होतं. कापसाची पोती, पिंजायचं यंत्र, अर्धवट शिवलेल्या गाद्या, सगळं पलीकडच्या दारी जावेकडे नेऊन ठेवलं. पंख्याच्या पात्यांवरून तर मुठी भरभरून कापूस निघाला. मोठा माणूस घरी येणार, त्याच्या कपड्यांना चिकटायला नको. जुनं यंत्र सारखं बंद पडत होतं, गिऱ्हाइकं तुटत होती; नव्यासाठी कर्ज याच माणसाच्या हातात होतं.

साहेबाने उभ्याउभ्याच मोबाइलवर खोलीचे फोटो काढले.

"धंदा कुठे चालतो?"

"इथेच, साहेब," गादीवाला म्हणाला.

"इथे? कापसाचा एक तंतू दिसत नाही."

"तुम्ही येणार म्हणून आवरलं हो," ती म्हणाली. "सामान जावेकडे आहे. आत्ता आणते."

"म्हणजे धंदा दिराचा."

"अहो, भाऊजी गवंडी आहेत."

"असतील. पाहणीच्या दिवशी कुणाकुणाची यंत्रं आणून मांडतात लोक. मला काही नवीन नाही ते." त्याने मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवलं. "जागेवर व्यवसाय आढळला नाही. एवढंच लिहितो."

"हिच्या छातीत बघा की," गादीवाला म्हणाला. "रात्रभर खोकते. निम्मा माल तिथेच आहे."

"त्याचा फोटो कसा लावू?" साहेब हसला.

ती फळीवरची कात्री घेऊन खाटेपाशी गेली आणि दोघांची झोपायची गादी तिने उशापासून पायथ्यापर्यंत उभी कापली. आतला कापूस जमिनीवर ओढला. दाराआडची काठी घेतली.

"बाई, हे काय चाललंय?"

"धंदा." तिचा आवाज चढला नव्हता. "काढा फोटो."

काठी बसत गेली. कापूस उठला, छताला लागला, साहेबाच्या कॉलरवर, भुवयांवर, मोबाइलच्या काचेवर बसला. रुमालाने नाक दाबून तो पायाने बूट चाचपू लागला.

कापूस झोडताना वारा चालत नाही. गादीवाला उठला. त्याने खिडकी लावली, मग दार ओढून घेतलं आणि आतून कडी घातली.