विणीचा हंगाम

“फेब्रुवारी,” सिस्टर म्हणाल्या आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या.

फोटोकाका खुर्चीतल्या खुर्चीत बायकोकडे वळले. टेबलापलीकडे सफारी कंपनीतली मुलगी ऑगस्टचं बुकिंग करण्याच्या बेतात होती. तिची बोटं कीबोर्डवर तशीच थांबली.

“अगं, फेब्रुवारीत काय ठेवलंय? ऑगस्ट ठरलंय ना आपलं?”

“तुमचं ठरलंय.”

खरं होतं ते. काकांचा स्टुडिओ आयुष्यभर एकाच वाक्यावर चालला होता: ‘हलू नका.’ पासपोर्टचे फोटो, ओळखपत्रांचे फोटो, श्वास रोखून बसलेली माणसं. त्यांना एकदा, मरायच्या आधी फक्त एकदा, हलणारं काहीतरी टिपायचं होतं. कोरड्या दिवसांत आफ्रिकेतले दाढीवाले, बैलासारखे वाइल्डबीस्ट हजारोंनी नदीत उड्या घेतात आणि खाली मगरी आ वासून बसलेल्या असतात, तो क्षण. त्यासाठी त्यांनी हातभर लांब लेन्स घेतली होती आणि समोरच्या इमारतीतल्या मांजरावर सराव चालवला होता. मांजर आता काकांना बघितलं की खिडकीतून आत पळायचं.

मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली, “काकू, ऑगस्ट खरंच चांगला. गवत वाळलेलं असतं, जनावरं पाण्यावर येतात, सगळं नीट दिसतं. फेब्रुवारीत पावसाचा भरवसा नाही. शिवाय नदीबिदी काही नाही. तेव्हा वाइल्डबीस्ट विणीला आलेले असतात, माळभर नुसती पिल्लंच पिल्लं.”

“तेच,” सिस्टर म्हणाल्या.

काकांनी कपाळावर हात मारला. “बाळंतपणं? अगं, जन्म गेला तुझा प्रसूतिगृहात! आत्ता कुठे निवृत्त झालीस. स्वयंपाक्यानं रजा काढावी आणि दुसऱ्याच्या चुलीपुढे जाऊन बसावं, तसली तऱ्हा झाली ही.”

मुलीला हसू आवरलं नाही. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. “मला फेब्रुवारीत जायचंय,” एवढंच त्या पुन्हा म्हणाल्या.

बुकिंग राहिलं. घरी आल्यावर काकांनी अबोला धरला; तो जेवणापर्यंत टिकला. मग त्यांनी लेकीला फोन लावून मध्ये घातलं. लेकीनं आईला नदी सांगितली, मगरी सांगितल्या, बाबांचा हिरमोड सांगितला. पालथ्या घड्यावर पाणी. कारण विचारलं तर सिस्टर नुसत्या म्हणायच्या, “वाटतंय मला.”

ते ‘वाटतंय’ काकांच्या डोक्यातून जाईना. या बाईला आजवर काही वाटलंय, असं त्यांना आठवेना. दोघांनी मिळून एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नव्हता. फोन वाजला की सिस्टर अंधारात पायानं चपला शोधायच्या आणि पुढची गोष्ट काका घरी येऊन सांगायचे. वाढलेलं ताट तसंच राहायचं. वाढदिवसाचा केक दुसऱ्या दिवशी कापला जायचा. कधी तक्रार नाही, कधी मागणं नाही. आणि दोघांचे गुडघे आत्ताच कुरकुरायला लागले होते. आफ्रिकेची दुसरी खेप काही व्हायची नव्हती.

सकाळी काका एकटेच जाऊन फेब्रुवारीचं बुकिंग करून आले. मगरींना मनातल्या मनात रामराम ठोकला.

फेब्रुवारीत आफ्रिकेतला तो माळ हिरवागार होता आणि नजर जाईल तिथवर काळ्या पाठी. जीपचा ड्रायव्हर मोठ्या वयाच्या प्रत्येक बाईला आदरानं ‘मामा’ म्हणायचा. त्यानं सिस्टरांना ‘मामा’ म्हटलं की काका तोंड फिरवून हसत. त्या सकाळी मात्र त्यानं हळूच गाडी थांबवली आणि बोट दाखवलं. एक मादी कळपाच्या कडेला गोल गोल फिरत होती. बसली. उठली. पुन्हा बसली.

सिस्टर उघड्या छपरातून उभ्या राहिल्या.

“पाय दिसले,” त्या पुटपुटल्या. पुढचा दांडा त्यांनी घट्ट धरला होता.

पिल्लू गवतात धपकन पडलं आणि तसंच पडून राहिलं. ओलं, काळपट, गप्प. पलीकडे गवतातून एका तरसानं मान वर काढली.

सिस्टरांचा हात दाराच्या कडीवर गेला. “अहो, त्याचं नाक कोण पुसणार? पाठ कोण चोळणार?”

शब्द कळले नसले तरी ड्रायव्हरला अर्थ कळला. त्यानं हात आडवा घातला. “नो, मामा.”

मादी वळली. चाटायला लागली. पिल्लानं चार काटक्यांसारखे पाय चार दिशांना फेकले, उठलं, तोंडावर आपटलं. पुन्हा उठलं, पुन्हा आपटलं. तरस दोन पावलं पुढे आला. मादीनं शिंगं खाली केली. सिस्टरांचे ओठ हलत होते. मग पिल्लू उभं राहिलं. डुगडुगलं, आचळाला लुचलं आणि थोड्या वेळानं आईच्या मागून चक्क पळालं. दोघं कळपात शिरली. तरस वास घेत दुसरीकडे निघून गेला.

काकांच्या लक्षात आलं, कॅमेरा आपल्या मांडीवरच आहे. त्यांनी एकही फोटो काढला नव्हता. आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं.

सिस्टर खाली बसल्या. दोन्ही हात मांडीवर उताणे, मोकळे. त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“अगं, रडतेस काय?” काकांनी रुमाल पुढे केला. “तुला काय याची नवलाई? हजारो पाहिली असशील तू.”

“छे हो,” सिस्टर म्हणाल्या. “हजारो केली. पाहिलं आज पहिल्यांदा.”