एक टक जास्त

फुलरेंज स्पीकर घेताना त्याच्या मागच्या टोकांना पेन्सिल सेल क्षणभर टेकवून पाहतात. चांगला असला तर एकदाच 'टक' वाजतो. अकोल्यात, जुन्या शहरातल्या नत्थुजींच्या दुकानात मी घरासाठी चार स्पीकर तपासले. चौथा दोनदा वाजला.

"खराब माल ठेवून राहिले काय?" मी भडकलो.

"कोरा हाय, भाऊ," म्हणत नत्थुजींनी सेल बदलला. पुन्हा दोनदा.

"मले येडा समजता?" मी काउंटरवर तीनदा बोट आपटलं.

सेल नत्थुजींच्या हातातच होता. स्पीकर चारदा वाजला.

मी तणतणत रिकाम्या हातानं दर्यापूरला परतलो. घरी मी एकटाच राहतो. कुलूप उघडेना, तसा उरलेला सगळा राग दारावर काढला आणि जोरात एक थाप मारली.

आतून दोन आल्या.