दोन पाटे जास्त

साहेब, माझी पिकअप तपासणी नाक्यावर तुम्हीच हलकी केली.

कापसाच्या ओझ्यासाठी मी मागच्या चाकांच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, दोन लोखंडी पाटे वाढवून गाडी उंच अन् कडक करून घेतली होती. बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा ते पाटे बसवणारे बाबाराव मिस्त्री म्हणाले, "रिकामी नेशीन तं सूनबाई टपाले भिडन ना बे! मांगं सरकीचे दहा पोते टाक. कमान दबते, मंग गाडी नाई उसळत." वडनेरहून तशीच दवाखान्याकडे निघालो.

तुम्ही म्हणालात, "पेशंट आहे ना? मग पोती कशाला? उतरव सगळी."

उतरवली. तिसऱ्या खड्ड्यात पोरगी झाली.



दाखल्यासाठी बाबू जन्मठिकाण विचारून राह्यला. तुमचा नाका लिहू, का तिसरा खड्डा? लेखी उत्तर द्या.