पाणी प्यायलेला ओपल

थोरल्याने दागिने तापवायची गॅसची बत्ती पेटवली, तशी धाकटीने हात लांब करून तिची चावी बंद केली. मोठ्या दिरासमोर असं करणारी त्या घरातली ती पहिलीच सून.

मेजावर कापडाच्या घडीवर चांदीचं पेंडंट पडलं होतं. कोंदण झकास, कडी झकास, मधला ओपल मात्र कोऱ्या चहाच्या रंगाचा. परवापर्यंत तो काळाभोर होता आणि जरा हलवला की आतून हिरवं-तांबडं काहीतरी पळायचं. दगड शाळेच्या मोठ्या बाईंचा, मुळात पांढरा. पांढऱ्यात आपण आणखी म्हाताऱ्या दिसतो, असं म्हणून त्यांनी तो काळा करून मागितला होता. धाकटीने तो कागदात गुंडाळला, पत्र्याच्या डब्यात घातला आणि दिवसभर मंद आचेवर धुरावला. आप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तिला आधीच बजावलं होतं: हा एक नग पुरता तुझा. जमला तर दुकानात बस, नाही जमला तर पुन्हा विषय काढायचा नाही.

तिला जमला होता. मग परवा संध्याकाळी आप्पांनी प्रत्येक तयार नगाला घालतात तशी त्यालाही साबणाच्या कोमट पाण्यात आंघोळ घातली. चाळीस वर्षांची सवय ती. हा ओपल पाणी पितो, हे त्या हातांना कोण सांगणार? तो पोटभर प्यायला आणि त्याचे रंग गेले.

हे तिघांनाही माहीत होतं, पण बोलत कोणीच नव्हतं. आप्पांची चूक काढायची त्या दुकानात रीतच नव्हती. त्यामुळे ती चूक फिरून फिरून धाकटीच्या धुरावर येऊन बसली होती. बाई पाच वाजता न्यायला येणार होत्या, सहाला त्यांचा निरोप समारंभ. घड्याळात साडेतीन वाजले होते.

“तू दिवसभर भाजलास ते चाललं,” थोरला म्हणाला, “आणि मी जराशी ऊब दिली तर काय बिघडतं?”

“तेव्हा तो कोरडा होता, दादा. आता त्याच्या पोटात पाणी आहे. घाईने तापवलात तर ते बाहेर पडायला वाट शोधेल, आणि नाही मिळाली तर फोडून करेल.”

मग करायचं काय, असं त्याने विचारलं. काहीच करायचं नाही, ती म्हणाली. थोरल्याला याहून संताप आणणारं उत्तर आजवर कोणी दिलं नव्हतं. हातावर हात ठेवून बसायला दुकान काढलेलं नाही, असं तो छताकडे बघून दोनदा म्हणाला.

धाकटी बोलली ठाम, पण आतून तिची गाळण उडाली होती. तिने स्वतःजवळच्या ओपलच्या एका कपचीला पूर्वी मुद्दाम पाणी पाजून पाहिलं होतं. दीड दिवसाने रंग परत आले होते. पण कपची ती डाळीएवढी, आणि हा चांगला चिंचोक्याएवढा.

सव्वाचारला ओपल गढूळ झाला. होता तो तपकिरी रंगही गेला आणि राखाडी मळभ चढलं. थोरल्याने कपाळाला हात लावला. आप्पा पाठ फिरवून खिडकीशी उभे राहिले. धाकटी मात्र एकदम पुढे वाकली. कपचीही आधी अशीच गढुळली होती. पाणी निघायला लागलं होतं! तिने पेंडंट उलटं केलं. कोंदणाची मागची बाजू तिने उघडी ठेवली होती, आणि भोकाचं कोंदण म्हणून थोरला चार दिवस तिला हसला होता. आता त्याच बाजूने दगडाला वारा लागत होता.

मोठ्या बाई पावणेपाचलाच आल्या. चालून दमल्या होत्या, पाणी मागितलं. थोरला भरलेला ग्लास नेमका मेजावर ठेवायला गेला. आप्पांनी तो वरच्या वर धरला, बाईंच्या हातात दिला आणि पाणी इकडे आणायचं नाही, असं थोरल्याला दरडावलं. सकाळपासूनचे त्यांचे हे पहिले शब्द.

धाकटीने बाईंपासून काही लपवलं नाही. दगड भिजलाय, सुकतोय, रंग पुरते परततील याची खात्री नाही, जरा थांबाल का, असं तिने सरळ विचारलं. छत्तीस वर्षं घंटेची वाट बघण्यात गेली, त्यात आणखी अर्धा तास, असं म्हणून बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

सव्वापाचला तिने पेंडंट सुलटं केलं. मळभ सरलं होतं, दगड पुन्हा काळा झाला होता, आणि एका कडेला सुताएवढी हिरवी रेघ होती. चौघं तिच्यावर वाकले. रेघ रुंदावली. तिच्यामागून निळं आलं, आणि शेवटी मधोमध तांबडं फुटलं, परवाच्यापेक्षाही जास्त. थोरला तोंडाचा आ करून बघत राहिला. धाकटीला इतका आनंद झाला की डोळे भरूनच आले, आणि थेंब दगडावर पडू नये म्हणून ती घाईघाईने मागे सरकली.

बाईंनी पेंडंट गळ्यात घातलं, आरशात पाहिलं, पुन्हा पाहिलं. कोणाच्या हातचं आहे हे, असं त्यांनी विचारलं. आमच्याच दुकानातलं, असं थोरला नेहमीसारखं सांगू लागला. आप्पांनी त्याला हाताने थांबवलं.

“हिच्या हातचं,” ते म्हणाले. “धूर हिने दिला, कोंदणात हिने बसवला. पाण्यात घातला तो मी.”