अनंताची चोरी

चिमणाबाईनं अनंताची फांदी मोडून पुढं केली, तसे सयाजी हवालदार दोन पावलं मागं सरले.

"देऊ नका," ते म्हणाले. "मला ती चोरायची हाय."

चिमणाबाई फांदी हातात धरून त्यांच्याकडं बघत राहिली. नुसती शेजारीण असूनही ती त्यांना दाजी म्हणायची, कारण त्यांच्या बायकोला, शालूबाईला, ती आक्का म्हणत होती. आक्काला जाऊन चार महिने झाले होते. दाजींच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं गल्लीत बोललं जायचं. पण एवढा झाला असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

हवालदारांनी सगळं सांगितलं. शालूबाईनं अंगणात तेलाच्या डब्यांत सोळा झाडं लावली होती. शेवटच्या दिवशी ती एवढंच म्हणाली होती, "माझ्या झाडांकडं बघा." त्यांनी बघितलं होतं. पहाटे पाचला, दुपारी बाराला, संध्याकाळी सहाला. दर झाडाला एक तांब्या पाणी, मग झाड कुठलं का असेना. एकही खाडा केला नव्हता. महिन्याभरात सोळाच्या सोळा मुळातून कुजली. अनंताचं झाड सगळ्यांत शेवटी गेलं. त्याचं पांढरं फूल शालूबाई वाटीतल्या पाण्यात ठेवायची आणि दोन्ही खोल्यांत वास सुटायचा. निदान ते एक तरी परत उभं करायचं होतं. त्याचंच एक पिल्लू चिमणाबाईच्या दारात वाढलं होतं. पण मागून आणलेलं रोप लागत नाही, चोरून आणलेलं लागतं, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"आवो, मग चोरा की," चिमणाबाई म्हणाली. "मी आत जाऊन भाकरी थापते. तुमचं झालं की खाकरा."

ती आत गेली. हवालदारांनी फांदी मोडली आणि खाकरले.

"मोठी घेतलीसा न्हवं?" आतून आवाज आला.

"व्हय, घेतली."

आठ दिवसांत ती फांदी काळी पडली.

विचारून केलेली चोरी ही चोरी नव्हे, हे त्यांना तरी कळायला हवं होतं. बत्तीस वर्षं त्यांनी संस्थानच्या पोलिसात काढली होती. संस्थान विलीन झालं त्या वर्षी ते घरी बसले, तोवर पानपट्टीवरचा चुनासुद्धा कधी फुकट खाल्ला नव्हता. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी हा धंदा शिकायचा होता.

रविवारी चिमणाबाई बाजाराला गेली. कुणी ओळखू नये म्हणून हवालदारांनी फेटा काढून ठेवला. गल्लीनं त्यांना कधी बोडकं बघितलं नव्हतं, त्यामुळं जो तो वळून बघू लागला. चिमणाबाईच्या अंगणाचं फाटक उघडंच होतं. पण चोर काही फाटकातून जात नाही, म्हणून ते भिंतीवरून चढले. आत उतरले, चांगली हातभर फांदी मोडली आणि परत भिंतीवर चढले. तिथं धोतराचा सोगा एका दगडात अडकला.

कोपऱ्यावर पिराजी गवळी म्हशीची धार काढत होता. "चोर! चोर!" म्हणून तो ओरडत आला. त्याच्यामागनं गल्ली आली. मग पिराजीनं वर नीट बघितलं आणि तो जागीच थबकला.

"हवालदार... तुम्ही?"

ह्या माणसानं गल्लीतल्या निम्म्या पोरांना कान धरून चौकीत नेलं होतं. आता तोच घोड्यावर बसावं तशी भिंतीवर टांग टाकून बसला होता, बोडका, हातात फांदी घेऊन.

एवढ्यात चिमणाबाई बाजारातून आली. पिशवी खाली ठेवून ती लोकांच्या अंगावर धावली.

"काय चोर चोर लावलंयसा? मीच दिलीया फांदी दाजींना. ह्या माझ्या हातानं दिलीया!"

लोकांनी सुस्कारा सोडला. हवालदारांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. अब्रू वाचली होती आणि फांदी मरणार होती.

"खोटं हाय!" ते वरूनच ओरडले. "ह्यांनी दिली न्हाय! मी चोरलीया! सगळ्यांनी नीट ऐका, मी चोर हाय!"

चिमणाबाईनं त्यांच्याकडं बघितलं. फांदी त्यांनी छातीशी धरली होती. तिनं पदर कमरेला खोचला.

"मुडद्या!" ती कडाडली. "लाज न्हाय वाटत? जन्मभर इमानदार म्हणून मिरवलास, आन् बाईमाणसाच्या दारातलं झाड ओरबाडतोस? हात झडतील तुझं! थांब, बेड्याच घालते तुला!"

दाजींना तिनं जन्मात पहिल्यांदा अरे-तुरे केलं होतं. हवालदार मान खाली घालून ऐकत राहिले. मध्येच ती दम घ्यायला थांबली, तेव्हा तिनं पिराजीला कोपर मारलं. मग पिराजीनंही भीत भीत दोन शिव्या घातल्या.

"आणि हाय का काही?" हवालदारांनी वरून विचारलं.

"हाय की!" चिमणाबाई म्हणाली, आणि तिनं उरल्या जन्माला पुरतील एवढ्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार फांदीला घोटभर पाणी घालून बाहेर आले. गल्लीत माणूस दिसत नव्हतं. घरोघरच्या कट्ट्यांवर मात्र डबे आणि कुंड्या मांडून ठेवल्या होत्या. मोगरा, जास्वंद, अबोली, शेवंती. सगळी शालूबाईच्या अंगणातून कधी ना कधी चोरून नेलेली. एकेक दार बोटभर उघडं होतं, आणि प्रत्येक दाराआड एकेक बाई शिव्यांची जुळवाजुळव करत उभी होती.