भाकरीचा वास

"आजबी भाकरीला गुलाबाचा वास येतोय," मी आमटी वाढायला वाकले तेव्हा आमचे हे माझ्या कानाशी पुटपुटले.

वास क्रीमचा होता. थंडीत सासूबाईंचे हात कोरडे पडून भेगाळतात, पीठ मळताना चरचरतात, म्हणून मीच ती डबी आणली होती. "म्हातारपणी कुटं ही थेरं," म्हणत त्यांनी ती कोनाड्यात ढकलून दिली. तरी महिन्याभरात भेगा भरत आल्या आणि डबीचा तळ दिसायला लागला.

"मला तर कसलाच वास येत न्हाय," शेजारच्या ताटावरून मामंजी घाईनं म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आता ह्यांनाही आवाज फुटला. "आये, एक तर ती क्रीम लावायची बंद कर, न्हायतर भाकरी हिला थापू दे."

सासूबाईंनी तव्यावरची भाकरी शांतपणे उलटली. "मी कुटं लावती? लावणाऱ्याला सांग की."

मामंजींच्या चहाच्या कपाला तोच वास का येतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोललं मात्र कुणीच नव्हतं. मामंजी कुस्करलेलीच भाकरी पुन्हा कुस्करत राहिले.

"कुमार," ते शेवटी ताटाकडंच बघत ह्यांना म्हणाले, "सोलापूरला गेलास की दुसरी डबी आण, बिनवासाची. आत्ता कुटं तिचं हात मऊ पडाय लागल्यात."